दोन खुर्च्यांची गोधडी

नोरीन टॅलबटच्या मागच्या व्हरांड्यात एक बंद पडलेला आडवा फ्रीझर होता. त्यात मटण नव्हतं, मासे नव्हते, होतं ते फक्त कापड. नवरा क्लॅरी तो भंगारात द्यायला निघाला होता, तेव्हा नोरीनने त्याला वाटेतच अडवलं. उंदीर शिरणार नाहीत, वाळवी लागणार नाही, उन्हाळ्यातली लाल धूळ आत जाणार नाही, याहून चांगलं कपाट कुठे मिळणार? क्लॅरी रेल्वेत लाइनवर काम करून निवृत्त झालेला, मुळात घुम्या माणूस. पण घरी कोणी पाहुणा आला की एवढं मात्र तो सांगायचाच, "आमच्याकडे कापड गोठवून ठेवतात. ताजं राहतं."

नोरीनने कित्येक वर्षं बायकांची बस चालवली होती. पोर्ट ऑगस्टाहून निघायचं आणि वर वाळवंटात, डोंगराकडे, कधी थेट समुद्राच्या टोकापर्यंत जायचं. म्हाताऱ्या बायकांना सभेला न्यायचं, मयताला न्यायचं, नाचगाण्याच्या मेळ्याला न्यायचं आणि सगळ्यांना सुखरूप आपापल्या दारात सोडायचं. वाटेतल्या आदिवासी वस्त्यांवर पत्र्याच्या शेडमध्ये बायका कापड छापत असायच्या. लांबलचक टेबलावर पांढरं कापड ताणलेलं, त्यावर जाळीची चौकट, आणि रंग ओढणाऱ्या दोघी समोरासमोर उभ्या राहून गावभरच्या गप्पा मारताहेत. एका ठिकाणी पाणवठ्याची वर्तुळं, दुसरीकडे घोरपडीची पावलं, कुठे वाळूच्या टेकड्या, कुठे रानटोमॅटोची झुडपं. ज्या बाईचा तो मुलूख, तिनेच तो काढलेला, आणि कापडाच्या काठावर तिचं नाव छापलेलं. नोरीन जिथे जाईल तिथून तुकडा घेऊन यायची. घरी आल्यावर धुवायची, इस्त्री करायची आणि फ्रीझरमध्ये ठेवून द्यायची.

त्याचं पुढे काय करायचं, हे मात्र ठरत नव्हतं. शिवणकाम तिला लहानपणापासून येत होतं. आईने फाटक्या शर्टांच्या रजया शिवून सहा भावंडं थंडीतून काढली होती. पण या कापडाला कात्री लावायची म्हटलं की नोरीनचा हात आखडायचा. एवढा मोठा पाणवठा, त्याचा अर्धा कापून कसा टाकायचा?

मग व्हाल्माची किडनी गेली.

व्हाल्मा म्हणजे नोरीनची थोरली बहीण. जन्म दुसऱ्यांना हुकूम सोडण्यात गेलेला. शाळेच्या वसतिगृहात ती स्वयंपाकीण होती आणि तिच्या आवाजाने मुलं जागी होत, घंटा वाजवायची वेळच यायची नाही, असं लोक सांगायचे. आता आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसच्या खुर्चीत बसून राहावं लागे. सकाळी बसलं की दुपार व्हायची. रक्त नळीतून बाहेर जाऊन फिरून येतं, तेवढ्यात अंगातली सगळी ऊब घेऊन जातं, असं तिचं म्हणणं होतं. वर एसी. दवाखान्याचं ब्लँकेट मात्र पातळ.

"हे बघ," व्हाल्मा ते ब्लँकेट दोन बोटांत धरून नोरीनला दाखवायची. "याच्यातून मला पलीकडचं दार दिसतंय. हे ब्लँकेट आहे की माशांची जाळी?"

"आणखी एक मागून आणते ना."

"दोन जाळ्या घेऊन काय करू? त्यापेक्षा तुझ्या त्या फ्रीझरमधलं कापड काढ आणि मला एक गोधडी शिव. की माझ्या मयताला पांघरायला ठेवलंयस?"

"व्हाल, काहीही बोलू नकोस."

"मग शिव की! त्या बायकांनी ते कापड विकलं ते कशासाठी? शर्ट शिवतात लोक त्याचे, पिशव्या शिवतात. त्या शेजारच्या बॅरीने तर पडदे केलेत त्याचे, तेही बाथरूमला. आणि तू बसलीयस देवळातल्यासारखी राखण करत."

नोरीनला राग आला, पण गाडी चालवत घरी येईपर्यंत तो विरलाही. बहिणीचं बोलणं कधी चुकीचं नसायचं, फक्त ते ऐकवत नसे. तिने फ्रीझरचं झाकण उघडलं.

दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये शिवणाऱ्या बायका जमत. नोरीन तिथे अधूनमधून जायची. तिथली ग्लेनिस म्हणजे गव्हाच्या शेतीवरून शहरात राहायला आलेली, उंच, घाईघाईने बोलणारी बाई. तिच्याकडे गोधडीला टाके घालायचं मोठं मशीन होतं आणि त्यामुळे तिचा शब्द चाले. नोरीनने टेबलावर कापडाची चळत ठेवली तशा सगळ्याजणी भोवती जमल्या.

"बाई गं," ग्लेनिस म्हणाली. "हे सगळं कापणार आहेस?"

"व्हाल्मा गारठतेय."

ग्लेनिसने पाणवठ्याच्या कापडावरून हात फिरवला आणि मग आवाज उतरवून विचारलं, "चालतं ना गं कापलेलं? म्हणजे, माझ्याकडेही असलं थोडं आहे, पण मी विचार करते, कोणाला वाईट वाटलं तर..."

"कापून वापरायलाच विकतात," नोरीन म्हणाली. "जे दाखवायचं नसतं ते त्या छापतच नाहीत." हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तरीही कात्री हातात घेतल्यावर तिने डोळे क्षणभर मिटले. मग कापड सरळ रेषेत कापलं गेलं, कर्रर्र असा आवाज आला, आणि काही झालं नाही. अर्धा पाणवठा डावीकडे, अर्धा उजवीकडे, दोन्ही छान दिसत होते. दुसऱ्या तुकड्याला तिला डोळे मिटावे लागले नाहीत. दुपारपर्यंत तिने अशी कात्री चालवली की ग्लेनिसनेच तिला चहासाठी हाताला धरून उठवलं.

रंग निवडायला मात्र व्हाल्मा पाहिजे होती. नाहीतर शिवून झाल्यावर ती नाक मुरडणार, हे ठरलेलं. म्हणून नोरीन कापलेले चौकोन केकच्या डब्यात भरून दवाखान्यात घेऊन गेली. जेवणाच्या ट्रेवर, खुर्चीच्या हातावर, व्हाल्माच्या मांडीवर, जिथे जागा मिळेल तिथे तिने ते मांडले.

"एवढा तपकिरी? मी अजून जिवंत आहे म्हटलं," व्हाल्माने सुरुवात केली. "तो गुलाबी इकडे घे. नाही, तो नाही. हा. याच्या शेजारी निळा."

शेजारच्या खुर्चीत टिली नावाची एक म्हातारी बाई बसायची. दूर वायव्येच्या वाळवंटातली. तिच्या वस्तीपासून इथवर यायला गाडीने दिवस मोडतो. वस्तीवर डायलिसिसचं मशीन नव्हतं, म्हणून ती इथे पुतणीकडे येऊन राहिली होती. इंग्रजी तिला येई, पण ते वापरायची तिला हौस नव्हती. आल्यापासून ती शाल डोक्यावरून घेऊन भिंतीकडे तोंड करून बसे. व्हाल्माने तिला बोलतं करायचे सगळे प्रयत्न केले होते आणि शेवटी "हिला माझा आवाज सोसत नाही" असा निकाल देऊन नाद सोडला होता.

त्या दिवशी शालीतून आवाज आला. "तसं नाही."

व्हाल्मा आणि नोरीन दोघीही वळल्या.

"ते भांडतील," टिली म्हणाली. तिने शाल खाली केली आणि मोकळ्या हाताने बोट दाखवलं. "हा मुलूख इथला नाही. समुद्राचा आहे. तू त्याला वाळूत बसवलंस. तिथे काय करील तो? कोणाला ओळखत नाही."

नोरीन त्या चौकोनाकडे बघत राहिली. माशांच्या सापळ्यांचं निळं कापड होतं ते, उत्तरेच्या किनाऱ्यावरून आणलेलं. व्हाल्माला निळं आवडतं म्हणून ते घोरपडीच्या पावलांशेजारी गेलं होतं. त्या दोन जागांमध्ये तिने स्वतः बस चालवली होती. मधे किती रस्ता आहे, किती पेट्रोलपंप आहेत, कुठला पंप दुपारी बंद असतो, हे तिच्याएवढं कोणाला माहीत नव्हतं. आणि तरीही हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग कुठे ठेवू, आंटी?" तिने विचारलं.

"वर. अगदी वर. त्याच्याखाली तो गवताचा."

व्हाल्माने तोंड उघडलं होतं. आपल्या गोधडीत ही परकी बाई हात घालते म्हणजे काय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण टिली इतके आठवडे गप्प बसून आज बोलली होती, आणि व्हाल्मासारख्या बडबड्या बाईला गप्प माणूस बोलता होण्याएवढं दुसरं सुख नव्हतं. तिने तोंड मिटलं.

पुढचे काही आठवडे हेच चाललं. नोरीन डबा घेऊन यायची, चौकोन मांडायची, आणि टिली मुलूख लावायची. हळूहळू बाकीच्या खुर्च्याही यात ओढल्या गेल्या. समोरचा एक म्हातारा गुराखी शपथेवर सांगू लागला की वाळूच्या टेकड्यांच्या पश्चिमेला मिठाचं तळं हवंच, त्याने तिथे गुरं हाकली आहेत. "मग कापड आण त्याचं," व्हाल्माने त्याला सुनावलं. पुढच्या खेपेला त्याच्या मुलीने खरंच आणलं. दुकानात मिळणारा भांडी पुसायचा छापील टॉवेल होता तो, पण तिथल्याच बाईने काढलेला. नोरीनने तोही कापला.

वॉर्डातला नर्स डेस आडव्या अंगाचा, दोन्ही दंडांवर गोंदवलेला माणूस. पायाखाली आलेला चौकोन उचलत तो म्हणायचा, "बायांनो, हा दवाखाना आहे. मला मशीनपर्यंत पोचायला रस्ता ठेवा."

"रस्ताच तर शिवतोय आम्ही," व्हाल्मा सांगायची.

एका बुधवारी नोरीनने फ्रीझरच्या तळाशी राहिलेलं शेवटचं कापड आणलं. ते तिने अजून कापलं नव्हतं. काळ्यावर पांढरे ठिपके, ठिपक्यांच्या रांगा वळत वळत एका झऱ्यापाशी येतात, असं ते चित्र. ते घेतल्याचा दिवस तिला चांगला आठवत होता. ज्या बाईने ते काढलं होतं तिने स्वतःच्या हाताने घडी घालून दिलं होतं आणि नोरीनच्या बसच्या चाकातली हवा गेलीय, हे हसत हसत सांगितलं होतं.

टिलीने ते बघितलं आणि तिचा चेहरा मिटला. नोरीनने काठाकडे पाहिलं. तिथे छापलेलं आडनाव टिलीचंच होतं. ते काढणारी बाई टिलीच्या घरची होती आणि आता या जगात नव्हती, हे तिच्या लक्षात आलं. गेलेल्या माणसाचं नाव कानावर पडू द्यायचं नाही, डोळ्यांपुढेही धरायचं नाही, ही रीत नोरीनच्या घरीही होती. तिने झटकन काठ आत दुमडला.

"आंटी, चुकलं माझं. मला माहीत नव्हतं. मी घरी घेऊन जाते."

मशीन सावकाश फिरत होतं. व्हाल्माने टीव्हीचा आवाज बंद केला.

"धाकटी," टिली शेवटी म्हणाली. "माझी धाकटी बहीण. फार हसायची." मग तिने हात पुढे केला, आणि नोरीनने कापड तिच्या मांडीवर ठेवलं. टिलीने झऱ्याच्या ठिकाणी बोट टेकवलं. "इथे आम्ही दोघी पोहायचो. आई ओरडायची. पाणी गढूळ करता म्हणून." ती किंचित हसली. "नाव काप. नाव माझ्याकडे दे, मी ठेवीन. हे मात्र घाल गोधडीत. मधे घाल."

नोरीनने तिथेच कात्रीने काठ कापला, न वाचता गुंडाळला आणि टिलीच्या हातात दिला. टिलीने तो पिशवीत खोल सरकवला. हा झरा नोरीनने चौकोन करून कापला नाही. अख्खा ठेवला आणि बाकीच्या तुकड्यांना त्याच्याभोवती जागा करून दिली.

त्यामुळे गोधडी वाढली. एका बाईच्या मांडीवर घ्यायची म्हणून सुरू झालेली गोधडी मोठ्या पलंगाएवढी झाली. ग्लेनिसने तिच्या मशीनवर टाके घातले, खाली मऊ फ्लॅनेलचं अस्तर लावलं, आणि कडेचा गोट नोरीनने हाताने शिवला, क्लॅरीच्या रेडिओवर फुटबॉलची मॅच चालू असताना. क्लॅरीने गोधडीचं एक टोक उचलून बघितलं. "वितळलं म्हणायचं शेवटी," तो म्हणाला. नोरीनच्या हिशेबी ही त्याची मोठी स्तुती होती.

दवाखान्यात मात्र गोधडी उलगडली तशी व्हाल्मा भडकली.

"हे काय? मी एक पांघरूण मागितलं होतं. तू सर्कशीचा तंबू शिवून आणलास!"

"तूच म्हणालीस ना, घाल, घाल."

"मी गुलाबीला म्हणाले होते!" व्हाल्माने गोधडी अंगावर ओढली. अर्धी जमिनीवर लोळली. डेस धावतच आला. "नाही, नाही, जमिनीवर नाही. आणि व्हाल्मा, तो हात झाकायचा नाही. सुई मला दिसली पाहिजे, दर क्षणी. नियम आहे."

"मग कशी घेऊ? एका हाताने तंबू पेलू?"

टिलीने हळूच आपल्याकडे आलेलं गोधडीचं टोक गुडघ्यांवर घेतलं. तिला फार थंडी वाजत होती, हे कोणालाही दिसलं असतं. पण तिची सुई होती उजव्या हाताला, म्हणजे व्हाल्माच्या बाजूला, आणि व्हाल्माची डाव्या हाताला, म्हणजे टिलीच्या बाजूला. मधे दोघींची मशीनं. गोधडी त्या मशीनांवरून न्यावी लागली असती, आणि ते डेसने जन्मात होऊ दिलं नसतं.

नोरीन उभी राहून दोन्ही खुर्च्यांकडे बघत होती. बसमध्ये कोणाला खिडकीशी, कोणाला दाराशी, कोणाला कोणापासून लांब बसवायचं, यात तिचं आयुष्य गेलेलं. "जागा बदला," ती म्हणाली.

"काय?"

"व्हाल, तू तिच्या खुर्चीत बस आणि आंटी तुझ्या. मग तुझा डावा हात बाहेरच्या बाजूला येईल, त्यांचा उजवा पलीकडच्या बाहेरच्या बाजूला. मशीनं कडेला. मधे काहीच नाही. खुर्च्या चिकटवा आणि एकच गोधडी दोघींवर."

डेसने मनातल्या मनात डावं-उजवं करून पाहिलं. "होईल," तो जरा नाराजीनेच म्हणाला, कारण मशीनं हलवायची त्यालाच होती.

पण खरी अडचण वेगळी होती. व्हाल्माच्या खुर्चीसमोर टीव्ही होता. ती खुर्ची तिने पहिल्याच आठवड्यात मिळवली होती आणि तिच्यासाठी ती एका माणसाशी महिनाभर अबोला धरून होती. टिलीच्या खुर्चीतून फक्त भिंत दिसायची. सगळा वॉर्ड व्हाल्माकडे बघू लागला.

व्हाल्माने टीव्हीकडे पाहिलं. मग गोधडीच्या मधल्या काळ्या झऱ्याकडे पाहिलं. मग टिलीच्या गुडघ्यांकडे.

"त्या टीव्हीवर असतं तरी काय," ती म्हणाली. "स्वयंपाक शिकवतात. मला! शुक्रवारपासून बदलू. आणि टिली, तू घोरत असशील तर आताच सांग."

"तू बोलतेस," टिली म्हणाली. "मी घोरते. बरोबरी."

शुक्रवारी डेसने मशीनं कडेला नेली, खुर्च्या जोडल्या आणि नोरीनने गोधडी दोघींवर पसरली. वर समुद्र, खाली डोंगर, मधे वाळवंट, आणि दोन्ही बाजूंना एकेक हात बाहेर. अर्ध्या तासाने व्हाल्मा म्हणाली, "पाय गरम झाले." गेल्या हिवाळ्यापासून तिने हे वाक्य उच्चारलं नव्हतं. नोरीन तिच्यासाठी पथ्याचा म्हणून मोजून दिलेला अर्धा कप चहा घेऊन आली, तेव्हा दोघी टीव्हीकडे ढुंकूनही न बघता, टिलीच्या वस्तीवरच्या कोणा बाईच्या तिसऱ्या लग्नाबद्दल बोलत होत्या. बोलत होती बरीचशी टिली.

सप्टेंबरात ग्लेनिसच्या मनात आलं की गोधडी गावच्या प्रदर्शनात ठेवावी. व्हाल्माने साफ नकार दिला. "आणि सोमवारी मी काय पांघरू, बक्षिसाचा कागद?" शेवटी शनिवार-रविवारच्या बोलीवर गोधडी गेली. शनिवारी दुपारी टिलीची पुतणी टिलीला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. गोधडी भिंतीवर उंच टांगलेली होती. टिलीने शेजारच्या सगळ्या रजया नीट पाहिल्या, गुलाबांच्या, पोपटांच्या, आणि मग आपल्या गोधडीखाली येऊन मुक्काम ठोकला. येणाऱ्याजाणाऱ्याला ती बोट करून सांगत होती. हा मुलूख अमक्यांचा. हा तमक्यांचा. हा माझा. लोक उभे राहून ऐकत होते.

परीक्षकांनी उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. सोबत एक शेरा होता, रंग सुंदर, पण चौकोनांचे कोपरे जुळत नाहीत. ग्लेनिस रागाने लाल झाली. नोरीनला हसू आलं. कोपरे खरंच जुळत नव्हते. झरा अख्खा ठेवायचा म्हणून तिने जिथे तिथे तडजोड केली होती, आणि तिला ते पुन्हा करायला सांगितलं असतं तर तिने पुन्हा तसंच केलं असतं.

"उत्तेजनार्थ?" सोमवारी सुई टोचून घेता घेता व्हाल्मा कडाडली. "म्हणजे आणखी प्रयत्न करा, असं? कोण होता परीक्षक? त्याला आणा इथे, बसवा एसीखाली!"

"हात हलवू नकोस," डेस म्हणाला.

नोरीनने गोधडी झटकली आणि दोघींवर घातली. टिलीने तिचं टोक हनुवटीपर्यंत ओढून घेतलं, झऱ्याची कड हाताखाली येईल अशी. व्हाल्मा परीक्षकाच्या खानदानापर्यंत पोचली होती. टिलीने डोळे मिटले आणि थोड्याच वेळात घोरायला लागली.

"बघितलंस?" व्हाल्मा कुजबुजली. ती कुजबुजू शकते हे नोरीनला आजवर माहीत नव्हतं. "मी बोलतेय आणि ही झोपली." मग तिने मोकळ्या हाताने टिलीच्या खांद्यावरून सरकलेली गोधडी वर ओढली आणि स्वतःही गप्प झाली.

नोरीन खुर्ची ओढून त्यांच्या पायाशी बसली आणि तिने सँडविचचा डबा उघडला. आज तिला कुठेही जायची घाई नव्हती.